वादळाचा पंचनामा

चैत्रातील जोतिबाची यात्रा आटोपली, की कोल्हापूरच्या परिसरात वळवाच्या पावसाचे दिवस येतात. सकाळपासून ऊन रखरखत असते. वारा पडलेला असतो आणि झाडाचे पानही हलत नाही. दुपार कलली, की आकाशात काळ्या मेघांचे डोंगर उभे राहतात. पावसाचा पहिला थेंब पडण्यापूर्वीच थंडगार वाऱ्याचा झोत एकाएकी अंगावर येतो, धुळीचे लोट उठतात आणि पाहता पाहता त्या वाऱ्याचे वादळ होते. अर्ध्यापाऊण तासात सारे पुन्हा शांत होते. परंतु तेवढ्या अवधीत पंचगंगेच्या काठचा उंच वाढलेला ऊस आडवा झालेला असतो, गुऱ्हाळावरचे पत्रे उडालेले असतात, घरांची कौले फुटलेली असतात आणि रस्त्याकडेचा एखादा जुना वृक्ष मुळांसकट उन्मळून पडलेला असतो.

वादळानंतर गावात तलाठी येतात आणि पंचनामा करतात. किती घरांची पडझड झाली, किती पिकाची हानी झाली, याची नोंद कागदावर उतरते. परंतु त्या पडझडीत आणखीही एक नोंद दडलेली असते. ऊस कोणत्या दिशेला झोपला, पत्रा किती अंतरावर जाऊन पडला, कोणती भिंत ढासळली आणि तिच्या शेजारची कोणती उभी राहिली, या सर्व गोष्टी म्हणजे वाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेला मजकूरच होय. वारा येतो आणि निघून जातो. त्याने जे पाडले ते मात्र मागे राहते. हा मजकूर वाचण्यात ज्याने आपले सारे आयुष्य वेचले, त्या शास्त्रज्ञाचे नाव तेत्सुया फुजिता.

फुजितांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२० रोजी जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावर झाला. त्यांचे वडील शिक्षक होते. लहानपणापासूनच तेत्सुयाला सभोवतालची प्रत्येक वस्तू मोजावी, तिचे चित्र काढावे, तिचा नकाशा करावा अशी विलक्षण आवड होती. शाळेचे शिक्षण पूर्ण होत आले, तेव्हा पुढे कोठे शिकावे असा प्रश्न उभा राहिला. तेत्सुयाच्या मनात हिरोशिमा येथील महाविद्यालयात जावे असे होते. पण वडिलांचा आग्रह निराळा होता. घरापासून फार दूर नसलेल्या तोबाता येथील मेइजी तंत्र महाविद्यालयात त्याने शिकावे, असे त्यांना वाटत होते. १९३९ मध्ये वडील वारले. मुलाने त्यांची इच्छा शिरसावंद्य मानली आणि तो तोबाता येथे यंत्रविद्येचे शिक्षण घेऊ लागला. १९४३ मध्ये पदवी मिळाल्यावर त्याच संस्थेत तो अध्यापन करू लागला. वडिलांच्या या आग्रहाचे मोल किती मोठे होते, हे पुढे दोनच वर्षांनी कळून आले.

दुसरे महायुद्ध शेवटाला आले होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला आणि ते शहर क्षणार्धात जळून गेले. त्यानंतर तीन दिवसांनी, ९ ऑगस्टला, दुसरा बाँब घेऊन एक अमेरिकन विमान निघाले. त्याचे पहिले लक्ष्य नागासाकी नव्हते. ते होते कोकुरा, फुजिता जेथे राहत होते त्या तोबाताच्या अगदी शेजारचे शहर. परंतु त्या सकाळी कोकुरावर ढगांचे व धुराचे दाट आवरण पसरले होते. वैमानिकांना खालचे लक्ष्य दिसेना. विमानाने शहरावरून घिरट्या घातल्या आणि अखेरीस ते नागासाकीकडे वळले. कोकुरातील लाखो लोक ढगांमुळे वाचले. नागासाकीतील हजारो प्राणांस मुकले. वाचलेल्यांत पंचविशीचा उंबरठाही न ओलांडलेले फुजिता होते.

काही आठवड्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह फुजिता नागासाकीस व हिरोशिमास गेले. तेथील दृश्य पाहून कोणाचेही मन हबकून जावे असेच होते. त्या राखेतून फिरत असताना फुजितांनी एक काम हाती घेतले. बाँब भूमीपासून किती उंचीवर फुटला, हे शोधून काढण्याचे ते काम होते. नागासाकीच्या स्मशानात थडग्यांसमोर फुले ठेवण्यासाठी बांबूची नळकांडी रोवलेली असत. स्फोटाच्या बाजूने ती होरपळली होती आणि पलीकडच्या बाजूने तशीच राहिली होती. निरनिराळ्या ठिकाणच्या नळकांड्यांवरील या खुणांची दिशा व उतार मोजून फुजितांनी रेषा काढल्या. त्या रेषा आकाशात जेथे एकमेकींस मिळत होत्या, तेथे बाँब फुटला होता. त्यांनी आणखीही एक गोष्ट पाहिली. स्फोटाच्या बरोबर खाली असलेली काही झाडे उभीच होती. पण तेथून दूर असलेली झाडे मात्र बाहेरच्या बाजूला, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सर्व दिशांना पडली होती. वरून आलेला धक्का भूमीवर आदळून चोहोंकडे फाकला होता. हे चित्र फुजितांच्या मनावर कायमचे कोरले गेले. ते पुढे कोठे उपयोगी पडणार आहे, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती.

युद्धानंतरचा जपान दारिद्र्याने गांजलेला होता. महागडी यंत्रे मिळणे शक्य नव्हते. मग जे फुकट मिळते त्याचाच अभ्यास करावा, असे फुजितांनी ठरविले; आणि आकाश तर सर्वांसाठी मोकळेच होते. १९४७ च्या ऑगस्टमध्ये क्यूशूतील सेबुरी पर्वतावरून एक गडगडाटी वादळ गेले. तेथील वेधशाळेतील वायुभाराच्या व वाऱ्याच्या नोंदी फुजितांनी बारकाईने तपासल्या. वादळी मेघात वारा नुसता वर चढतो असे नव्हे, तर पावसाच्या जोडीने थंड हवेचा एक प्रवाह वरून खाली कोसळतो आणि भूमीवर आपटून सर्वत्र पसरतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वळवाचा पाऊस येण्याआधी कोल्हापूरकरांच्या अंगावर जो थंडगार झोत येतो, तो याच कोसळत्या हवेचा असतो. साऱ्यांनी शतकानुशतके अनुभवलेली ही गोष्ट. पण फुजितांनी तिचे गणित मांडले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४८ मध्ये, क्यूशूत एक टॉर्नेडो झाला. फुजिता त्याच्या वाटेने चालत गेले आणि पडलेल्या घरांचा व झाडांचा नकाशा त्यांनी हाताने तयार केला.

टॉर्नेडो म्हणजे मेघापासून भूमीपर्यंत लोंबणारा, प्रचंड वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ. उन्हाळ्यात शेतातून पाचोळा उडवीत जाणारी वावटळ आणि टॉर्नेडो यांचे रूप थोडेसे सारखे दिसले, तरी दोघांची जात निराळी. वावटळ तापलेल्या जमिनीवर उठते व काही क्षणांत विरून जाते. टॉर्नेडो मात्र वादळी मेघातून जन्मतो आणि घरे, मोटारी, आगगाडीचे डबेदेखील उचलून फेकू शकतो. समुद्रावर निर्माण होणाऱ्या चक्रीवादळाचा विस्तार शेकडो किलोमीटर असतो. टॉर्नेडोची वाट बहुधा काही शे मीटर रुंद असते. जगात सर्वांत अधिक टॉर्नेडो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सपाट प्रदेशात होतात. भारतात ते क्वचित होतात. तथापि १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत झालेल्या टॉर्नेडोने काही मिनिटांतच अनेकांचे बळी घेतले होते.

सेबुरीच्या पर्वतावर अमेरिकन सैन्याचे एक केंद्र होते. तेथील कचऱ्यात टाकलेला एक अहवाल योगायोगाने फुजितांच्या हाती आला. गडगडाटी वादळांवरचा तो अहवाल शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक होरेस बायर्स यांचा होता. आपण जो निष्कर्ष काढला, तोच हा दूरदेशीचा विद्वान मोठ्या साधनसामग्रीच्या साहाय्याने काढीत आहे, हे पाहून फुजितांना आनंद झाला. त्यांनी इंग्रजी टंकलेखनयंत्र मिळविले, आपले निबंध त्या भाषेत उतरविले आणि बायर्स यांच्याकडे धाडले. जवळजवळ कोणतेही साधन हाती नसताना केलेले ते काम पाहून बायर्स चकित झाले व त्यांनी फुजितांना शिकागोस येण्याचे निमंत्रण दिले. १९५३ मध्ये टोकियो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून फुजिता अमेरिकेस गेले. आठ वर्षांपूर्वी ज्या देशाच्या विमानाने त्यांच्या शेजारच्या शहरावर घिरट्या घातल्या होत्या, तोच देश पुढे त्यांची कर्मभूमी झाला. १९६८ मध्ये ते त्या देशाचे नागरिक झाले आणि त्यांनी आपल्या नावात थिओडोर हे नाव जोडून घेतले.

अमेरिकेत टॉर्नेडोंना तोटा नव्हता. परंतु त्यांचा अभ्यास करणे फार अवघड होते. वाऱ्याचा वेग मोजण्यासाठी वेधशाळेत वायुवेगमापक असतो. पण टॉर्नेडोची वाट आधी सांगता येत नाही. आणि एखाद्या मापकावरून तो गेलाच, तर बहुधा मापकच मोडून पडतो. मग या वाऱ्याचे बळ मोजावे कसे? फुजितांचे उत्तर असे होते, की ज्या वस्तूंवर त्याने घाव घातला, त्यांनाच साक्षीदार करावे.

२० जून १९५७ रोजी फार्गो या शहरात मोठा टॉर्नेडो झाला. फुजिता तेथे गेले. नागरिकांनी काढलेली छायाचित्रे मिळावीत म्हणून आवाहन करण्यात आले आणि कितीतरी लोकांनी आपली चित्रे आणून दिली. प्रत्येक चित्र कोणत्या जागेवरून घेतले, हे फुजितांनी त्यात दिसणाऱ्या घरांवरून व खांबांवरून निश्चित केले, अंतरे मोजली आणि ती चित्रे क्षणाक्षणाच्या क्रमाने लावली. अशा रीतीने मेघातून टॉर्नेडो कसा उतरतो, कसा वाढतो व कसा विरतो, याची सबंध हकीकत त्यांनी मांडली.

११ एप्रिल १९६५ रोजी अमेरिकेच्या मध्यभागातील अनेक राज्यांत एकाच दिवशी टॉर्नेडोंनी धुमाकूळ घातला. फुजिता विमानात बसून त्या प्रदेशावरून फिरले. वरून पाहताना शेतांत त्यांना वर्तुळाकार, एकमेकांत गुंतलेल्या रेषा दिसल्या. टॉर्नेडोने एखादी जड वस्तू फरफटत नेल्याचे ते ओरखडे असावेत, अशी पूर्वीपासून समजूत होती. जमिनीवर प्रत्यक्ष पाहता तो ओरखडा नसून काडीकचऱ्याची रचलेली ओळ असल्याचे आढळले. त्यावरून फुजितांनी असे अनुमान केले, की मोठ्या भोवऱ्याच्या पोटात लहान लहान भोवरे असतात आणि ते त्याच्याभोवती गरगर फिरत असतात. एका कोड्याचा उलगडा यातून झाला. टॉर्नेडो गेल्यावर एक घर भुईसपाट झालेले असते आणि त्याच्या शेजारचे घर जवळजवळ जसेच्या तसे उभे असते, असे अनेकदा दिसे. लोक त्याला दैवाचा खेळ समजत. लहान भोवऱ्याच्या फेऱ्यात जे घर सापडले ते पडले, आणि जे सापडले नाही ते वाचले, हे त्यामागचे कारण होते.

एवढा पुरावा गोळा झाल्यावर १९७१ मध्ये फुजितांनी टॉर्नेडोचे बळ ठरविण्याची एक श्रेणी जगापुढे ठेवली. या कामी त्यांच्या पत्नी सुमिको यांचाही हातभार लागला होता. परिणामावरून कारणाचे माप घेण्याची कल्पना तशी जुनीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश आरमारातील बोफर्ट यांनी समुद्राचे व शिडांचे रूप पाहून वाऱ्याचे क्रमांक लावण्याची रीत घालून दिली होती. भूकंपाची एखाद्या गावी जाणवलेली तीव्रताही घरांच्या पडझडीवरूनच ठरविली जाते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला जो भूकंप झाला आणि ज्याने कोल्हापूरही हादरले, त्याची ठिकठिकाणची तीव्रता अशाच पाहणीतून निश्चित केली गेली. टॉर्नेडोसाठी मात्र असे सर्वमान्य माप नव्हते. लहान असो वा मोठा, प्रत्येक टॉर्नेडोची नोंद एकसारखीच होत असे.

फुजितांच्या श्रेणीत शून्यापासून पाचपर्यंत सहा पायऱ्या प्रत्यक्ष उपयोगात आल्या. झाडांच्या फांद्या मोडल्या व धुराड्यांना इजा झाली, तर तो शून्य क्रमांकाचा टॉर्नेडो. छपरावरचे आच्छादन सोलून निघाले, तर पहिला. छप्परच्या छप्पर उडून गेले, तर दुसरा. चांगल्या बांधणीच्या घरांची छपरे गेली, काही भिंती कोसळल्या आणि आगगाड्या उलटल्या, तर तिसरा. भक्कम घर जमीनदोस्त झाले, तर चौथा. आणि भक्कम घर जोत्यावरून उचलले जाऊन मागे नुसता पाया उरला, तर पाचवा. प्रत्येक पायरीला त्यांनी वाऱ्याच्या अंदाजी वेगाची जोड दिली. शून्य क्रमांकाचा वेग ताशी ६४ ते ११६ किलोमीटर, तर पाचव्याचा ताशी ४१९ किलोमीटर व त्याहून अधिक, असे ते कोष्टक होते.

ही रीत वरवर सोपी वाटते. परंतु तिच्यात एक मोठी मेख आहे. घर पडले ते वारा प्रबळ होता म्हणून, की घर दुबळे होते म्हणून? कोल्हापुरातील भवानी मंडपाच्या काळ्या दगडी भिंती आणि माळावरची पाचटाने शाकारलेली खोप यांच्यावरून एकच वारा गेला, तर खोप उडून जाईल आणि भवानी मंडपाचा चिराही हलणार नाही. नुसती खोप पाहणारा त्या वाऱ्याला भयंकर म्हणेल. नुसता भवानी मंडप पाहणारा त्याला झुळूक म्हणेल. दोघेही चुकतील. म्हणून पंचनामा करणाऱ्याने पडलेल्या घराकडे पाहताना त्याच्या तुळया भिंतीला कशा जखडल्या होत्या, भिंत पायाशी कशी जोडली होती, खिळे किती व कसे मारले होते, हेदेखील पाहिले पाहिजे. घराचे बळ ठाऊक असेल, तरच त्याला पाडणाऱ्या वाऱ्याचे बळ कळते.

श्रेणीची खरी कसोटी लवकरच लागली. ३ व ४ एप्रिल १९७४ रोजी, चोवीस तासांच्या आत, अमेरिकेतील तेरा राज्यांत १४८ टॉर्नेडो झाले आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली. फुजिता व त्यांचे सहकारी विमानांतून त्या विस्तीर्ण प्रदेशावरून फिरले. प्रत्येक टॉर्नेडोची वाट त्यांनी नकाशावर रेखली व तिच्यावर टप्प्याटप्प्याने क्रमांक घातले. हाताने काढलेल्या त्या एका नकाशात एवढ्या मोठ्या संकटाचा सारा इतिहास सामावला होता.

याच पाहणीत एक विलक्षण गोष्ट घडली. एका डोंगराळ भागातील अरण्यावरून जाताना फुजितांना खाली शेकडो झाडे पडलेली दिसली. टॉर्नेडोने पाडलेली झाडे भोवऱ्याप्रमाणे वळलेली असतात. ही झाडे तशी नव्हती. ती एका मध्यबिंदूपासून चोहोंकडे, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पडली होती. हे चित्र फुजितांनी पूर्वी एकदा पाहिले होते; एकोणतीस वर्षांपूर्वी, नागासाकीत. येथे बाँब तर पडला नव्हता. मग वरून काय आदळले होते? सेबुरीच्या पर्वतावरील तो कोसळता थंड प्रवाह त्यांना आठवला. मेघातून हवेचा लोंढा एवढ्या जोराने खाली येऊ शकतो, की तो भूमीवर आदळून एखाद्या स्फोटाप्रमाणे फाकतो, असा विचार त्यांच्या मनात रुजला.

पुढच्याच वर्षी या विचाराची तातडीने गरज भासली. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरणारे एक प्रवासी विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. आतील १२४ जणांपैकी ११३ जण मृत्यू पावले. वादळ तर होते. पण त्याच्या थोडेच आधी दुसरी विमाने त्याच धावपट्टीवर सुखरूप उतरली होती. मग दोष वैमानिकाचा मानावा काय? फुजितांकडे हे काम आले. त्यांनी त्या वेळी उतरलेल्या सर्व विमानांच्या नोंदी एकत्र केल्या व त्यांवरून वाऱ्याचे चित्र उभे केले. धावपट्टीच्या तोंडाशी मेघातून एक जोरदार झोत कोसळला होता. अशा झोताला त्यांनी डाउनबर्स्ट हे नाव दिले. आणि चार किलोमीटरांहून कमी विस्ताराच्या झोताला पुढे मायक्रोबर्स्ट हे नाव मिळाले.

असा झोत विमानाला फसवितो. विमान त्यात शिरते, तेव्हा प्रथम समोरून जोराचा वारा येतो व विमान वर उचलले जाते. वैमानिक ते खाली आणू पाहतो. तोच विमान झोताच्या मध्याशी पोहोचते आणि वरून येणारी हवा त्याला खाली दाबते. त्यापुढे तोच वारा पाठीमागून येऊ लागतो, पंखांचा आधार कमी होतो आणि विमान खाली जाऊ लागते. भूमी जवळ असल्याने सावरण्यास अवधीच उरत नाही. हे सारे काही मिनिटांत होऊन जाते. म्हणूनच आधी उतरलेले विमान वाचते आणि त्यामागून येणारे सापडते.

फुजितांचे हे म्हणणे अनेक शास्त्रज्ञांना पटले नाही. असा झोत कोणी यंत्राने मोजलेला नव्हता. कोसळणारी हवा भूमीजवळ येईतो मंद होत असणार, असा त्यांचा आक्षेप होता. फुजितांनी त्यावर वाद घालीत बसण्याऐवजी पुरावा गोळा करण्याचे ठरविले. १९७८ मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडार बसवून त्यांनी आकाशावर पहारा ठेवला. हे रडार पावसाच्या थेंबांची गती ओळखते व त्यावरून वाऱ्याचा वेग सांगते. त्या एकाच मोहिमेत सुमारे पन्नास मायक्रोबर्स्ट नोंदले गेले. १९८२ मध्ये डेन्व्हरजवळच्या दुसऱ्या मोहिमेत तर त्यांची संख्या याहून कितीतरी अधिक भरली. आता शंकेला जागा राहिली नाही. पुढे मोठ्या विमानतळांवर असे झोत ओळखणारी रडारे बसविण्यात आली, वैमानिकांना त्यांतून निसटण्याचे शिक्षण मिळू लागले आणि अशा प्रकारचे अपघात फार कमी झाले. आपले प्राण कोणामुळे वाचले, हे त्या विमानांतून सुखरूप उतरणाऱ्या प्रवाशांपैकी बहुतेकांना ठाऊकही नसते.

टॉर्नेडोंचा अभ्यास करण्यात ज्यांनी तीसहून अधिक वर्षे घालविली, त्या फुजितांनी स्वतःच्या डोळ्यांनी टॉर्नेडो मात्र तोवर पाहिलाच नव्हता, ही गोष्ट नवलाची आहे. ते नेहमी वादळ होऊन गेल्यावरच पोहोचत असत. डेन्व्हरच्या मोहिमेत, १२ जून १९८२ रोजी, त्यांना पहिल्यांदाच टॉर्नेडो दिसला. तेव्हा त्यांचे वय ६१ वर्षांचे होते. ज्याची पावले आयुष्यभर शोधली, तो अखेर प्रत्यक्ष भेटल्यावर त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला.

फुजितांच्या श्रेणीत उणिवा नव्हत्या असे नाही. वाऱ्याचे वेग त्यांनी अंदाजानेच ठरविले होते. पुढे स्थापत्यशास्त्रज्ञांनी पडलेल्या घरांची तपासणी केली, तेव्हा त्यांना असे आढळले, की जोत्यावरून वाहून गेलेली कितीतरी घरे पायाशी नीट जखडलेलीच नव्हती. ती पाडण्यास एवढ्या प्रचंड वाऱ्याची गरज नव्हती. श्रेणी घराच्या बांधणीचा पुरेसा विचार करीत नाही, ही उणीव फुजितांनीही ओळखली होती आणि त्यांनी आपल्या श्रेणीत सुधारणा सुचविल्या होत्या. १९ नोव्हेंबर १९९८ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर १ फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत सुधारलेली श्रेणी अमलात आली. तिच्यात इमारती, झाडे व खांब मिळून २८ प्रकारच्या वस्तूंचा निरनिराळा विचार केलेला असून पाचव्या पायरीचा वेग ताशी ३२२ किलोमीटरांच्या पुढे धरला आहे. फुजितांचे आकडे बदलले. पण त्यांच्या पायऱ्या आणि त्यांची रीत तशीच राहिली. त्या सुधारलेल्या श्रेणीलाही फुजितांचेच नाव आहे. जपाननेदेखील आपल्या घरांना अनुरूप अशी फुजिता श्रेणी तयार करून २०१६ पासून ती उपयोगात आणली.

एखाद्या शास्त्रज्ञाचे आकडे चुकावेत आणि तरीही त्याचे काम टिकावे, हे कसे घडते? फुजितांचा भर आकड्यांपेक्षा पाहण्यावर होता. समोर जे पडले आहे ते नीट पाहावे, मोजावे, नकाशावर उतरवावे आणि मगच त्याचा अर्थ लावावा, ही शिस्त त्यांनी कधी सोडली नाही. म्हणूनच त्यांच्या मागून येणाऱ्यांना त्यांची चूक दुरुस्त करता आली. नुसते मत मागे ठेवणाऱ्याची चूक सापडत नाही. पुरावा मागे ठेवणाऱ्याची सापडते, आणि त्यातच ज्ञानाची वाढ असते.

या शिस्तीचे फळ शेवटी घर बांधणाऱ्याच्या पदरात पडते. कोणता जोड प्रथम निखळला, कोणते छप्पर प्रथम उडाले, हे पंचनाम्यातून कळले, की पुढचे घर अधिक भक्कम बांधता येते. वळवाच्या वाऱ्यात ज्या घराचे पत्रे नुसते दगड ठेवून दाबलेले असतात, ते उघडे पडते. ज्याचे पत्रे आकड्यांनी तुळयांना व तुळया भिंतींना जखडलेल्या असतात, ते बहुधा टिकते. हा धडा कोल्हापूरच्या खेड्यातही तितकाच खरा आहे, जितका शिकागोच्या मैदानात.

चोविसाव्या वर्षी फुजितांनी माणसाने घडविलेला विध्वंस पाहिला. त्या राखेत उभे राहून त्यांनी जी दृष्टी मिळविली, तिचा उपयोग त्यांनी पुढे निसर्गाच्या विध्वंसापासून माणसांना वाचविण्यासाठी केला. नागासाकीच्या झाडांनी जे सांगितले, ते तीस वर्षांनी विमानातील प्रवाशांच्या उपयोगी पडले. वळवाचे वादळ ओसरल्यावर शेताच्या बांधावर उभा राहून आडव्या पडलेल्या उसाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला आपले नुकसान दिसते, आणि ते दुःख खरेच असते. परंतु त्याच उसाची दिशा न्याहाळून वारा कोठून आला व कसा फाकला, हे त्याच्या शाळकरी मुलाने आपल्या वहीत रेखाटले, तर फुजितांच्या मार्गावरचे पहिले पाऊल त्याने टाकले, असे खुशाल समजावे.